सासूबाई रोज पाच वाजता रूट होतात

मंगळवारी सकाळी जावयाने घरच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड तिसऱ्यांदा बदलला. या खेपेला चांगला बावीस अक्षरांचा ठेवला, कुठे लिहूनही ठेवला नाही. आणि बुधवारी संध्याकाळी सहा वाजता तो बाजारातून पिशव्या घेऊन घरात शिरतो तर काय, सासूबाई जेवणाच्या टेबलाशेजारच्या कोपऱ्यात आरामात रमी खेळत बसलेल्या. पडद्यावर तेरा पत्ते पसरलेले आणि चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नाही.

खरं म्हणजे तो कॉम्प्युटर पाचच्या ठोक्याला त्यांच्यासाठी बंद पडायला हवा होता. दोन महिन्यांपूर्वी सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की पडद्यासमोर दिवसातून एक तास, जास्त नाही. सासूबाईंनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. त्यांच्या मुलीने, म्हणजे जावयाच्या बायकोने, मात्र त्याचा घरात कायदा केला. चार ते पाच. अंमलबजावणीचं काम जावयाकडे आलं, कारण त्याचा धंदाच तो. त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. पाच वाजले की सासूबाईंच्या खात्याचा पडदा काळा, आणि मालकाच्या पासवर्डाशिवाय तो पुन्हा उघडायचा नाही.

पिशव्या ओट्यावर ठेवून जावई तडक बायकोकडे गेला.

"तूच देतेस ना आईंना पासवर्ड?"

"मला तो माहीतच नाही," बायको म्हणाली. "आणि माहीत असता तरी दिला नसता. डोळे तिचे आहेत, पण थेंब घालायला चार वेळा मीच उठते. तुझा प्रोग्राम फुसका आहे, एवढं कबूल कर आणि मोकळा हो."

हे त्याच्या वर्मी लागलं. कारण जावई काही साधासुधा प्रोग्राम लिहिणारा नव्हता. ऑपरेटिंग सिस्टीमचा जो अगदी आतला गाभा असतो, ज्याला कर्नेल म्हणतात आणि ज्याच्या हुकमाशिवाय कॉम्प्युटरमध्ये पान हलत नाही, त्या कर्नेलचा एक तुकडा त्याने लिहिला होता आणि अकरा वर्षं तोच सांभाळत होता. माउस, कीबोर्ड वगैरे वस्तू खोचल्या आणि उपसल्या की आत काय व्हायचं, ते पाहणारा तुकडा. जगातल्या कोट्यवधी मशीनांवर तो तुकडा चालायचा आणि अकरा वर्षांत त्यात एकही मोठी चूक सापडली नव्हती. हे तो स्वतःहून कुणाला सांगत नसे. पण कुणी विचारलं तर बराच वेळ सांगत असे.

सासूबाईंनी मात्र कधी विचारलं नव्हतं. शेजारणींना त्या सांगायच्या, "आपण वायर लावली की मशीन चालू होतं ना, तिथे हे असतात. आता लावणारे आपण, चालू होणारं मशीन. मध्ये हे काय करतात ते देव जाणे. पण मुलगा स्वभावाने चांगला आहे."

बुधवारी संध्याकाळी चहासुद्धा न घेता जावयाने मशीनचा लॉग उघडला. लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी, कोणी केव्हा काय केलं ते त्यात आपोआप लिहिलं जातं. चार वाजता सासूबाई आत आल्या. त्यांचा वापरकर्ता क्रमांक एक हजार तीन. पाच वाजता त्याचा प्रोग्राम इमानदारीत उठला आणि पडदा काळा करायला लागला. आणि पाच वाजून दोन सेकंदांनी एक हजार तीनच्या जागी लिहिलं होतं, शून्य.

जावयाने डोळे चोळले आणि पुन्हा वाचलं. शून्यच होतं.

शून्य हा मालकाचा नंबर. त्याला रूट म्हणतात. रूटला सगळं करता येतं. कुणाचीही फाइल वाचावी, कुणाचंही खातं पुसावं, सगळं मशीन धुऊन टाकावं, कुणी हरकत घेत नाही. पडदा बंद करणारा प्रोग्रामही रूट दिसल्यावर नमस्कार करून बाजूला झाला होता, कारण मालकाला अडवायचं नाही हे जावयानेच त्याला शिकवलं होतं. मागच्या नोंदी पाहिल्या. काल तेच, परवा तेच. गेले एकोणचाळीस दिवस चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई रोज पाच वाजता, पासवर्ड वगैरे क्षुल्लक गोष्टींच्या नादी न लागता, मशीनच्या सर्वाधिकारी होत होत्या आणि त्या सर्वाधिकाराने रमी खेळत होत्या.

जावयाच्या पायाखालची वाळू सरकली. कारण ज्या ओळीवर एक हजार तीनचं शून्य झालं, ती ओळ त्याच्याच तुकड्यातली होती.

सुरक्षेतल्या अशा भोकाला त्यांच्या धंद्यात लोकल म्हणतात. बाहेरून येणाऱ्या चोराला त्याचा उपयोग नसतो. ज्याचं आत आधीच एक साधं खातं आहे, ज्याला आपण स्वतः दार उघडून बसायला खुर्ची दिली आहे, अशा घरच्याच माणसाला त्यातून मालक होता येतं. त्यातून वाईट हे की त्या तुकड्याची नवी आवृत्ती सोमवारी सकाळी जगभर जायची होती. नवी आवृत्ती आधी आपल्या घरच्या मशीनवर चालवून बघायची, हा जावयाचा शिरस्ता. म्हणून तर भोक पहिल्यांदा सासूबाईंना मिळालं.

त्याने लगेच समन्वयक बाईंना फोन लावला. कर्नेलची आवृत्ती जाऊ द्यायची की थांबवायची, हे त्या ठरवत.

"सोमवारचं थांबवा," जावई म्हणाला. "माझ्या भागात लोकल भोक आहे. साध्या खात्यावरून थेट रूट."

"अरे बापरे. कोणी केलं?"

"सासूबाईंनी."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"त्या काय करतात?"

"रमी खेळतात."

समन्वयक बाई समजूतदार होत्या, पण त्यांच्या मागे चारशे माणसं सोमवारची वाट पाहत होती. "हे बघ," त्या म्हणाल्या, "लॉगमध्ये शून्य दिसलं, एवढ्यावर मी गाडी थांबवू शकत नाही. भोक कसं उघडतं ते करून दाखव. पायरी पायरीने. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत माझ्याकडे आलं तर दुरुस्ती आत घेऊ. नाही आलं तर आवृत्ती जाईल, आणि मग जे होईल त्यावर तुझं नाव असेल."

म्हणजे सगळा प्रश्न एवढाच होता, की सासूबाई नेमकं काय करतात.

जावयाने साखरपेरणी करत विषय काढला. "आई, पाच वाजता पडदा काळा होतो ना, तेव्हा तुम्ही काय करता हो?"

"काही नाही. मशीन अडतं, मी सोडवते."

"कसं सोडवता?"

सासूबाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर काढली होती, आणि कुणी गोड आवाजात काही विचारलं की पुढे काय येणार ते त्यांना बरोबर कळत असे. "सांगितलं तर तुम्ही ते बंद कराल."

खोटं बोलणं जावयाला जमत नसे. "हो," तो म्हणाला, "बंद तर करावंच लागेल."

"मग तो एक तासाचा नियम काढा, लगेच दाखवते."

जावई बायकोकडे गेला. बायको म्हणाली, "एक मिनिटही वाढवायचं नाही. डॉक्टरांशी तू बोलणार आहेस का?" जावई सासूबाईंकडे परत आला. सासूबाई म्हणाल्या, "मग राहिलं." जावई पुन्हा बायकोकडे गेला. दोघी एकाच घरात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होत्या, पण बोलणी सगळी त्याच्यामार्फत चालली. आई आणि मुलगी दोघीही सारख्याच हट्टी, आणि दोघींनाही वाटत होतं की आपण समोरचीच्या भल्यासाठी नाही, तर तत्त्वासाठी भांडतोय. शेवटी जावयाने मधल्या खोलीत खुर्ची टाकून बसणंच पसंत केलं.

गुरुवारी त्याने पाळत ठेवली. पाचला दहा मिनिटं असताना वाळलेले कपडे घड्या करायला घेऊन तो त्या कोपऱ्याच्या मागे उभा राहिला. जन्मात कधी त्याने चादरीची घडी केली नव्हती. सासूबाईंनी मान न वळवता सांगितलं, "टोकं जुळवून घ्या आधी. आणि तिकडे जाऊन करा." तो हलला नाही, तेव्हा त्यांनी सरळ खुर्ची फिरवून पाठ आडवी केली. त्याला एवढंच दिसलं की त्यांचा डावा हात कीबोर्डवर होता, उजवा हात मशीनच्या मागे गेला, खट् असा आवाज आला, पुन्हा खट् आला आणि काळा झालेला पडदा उजळला.

पण तेवढ्याने धागा हाताला लागला. माउस. त्या माउस उपसत होत्या आणि दुसऱ्या भोकात खोचत होत्या.

शुक्रवारचा सगळा दिवस जावयाने माउस उपसण्यात आणि खोचण्यात घालवला. एक खोटं खातं काढलं, पडदा काळा करणारा प्रोग्राम हाताने सुरू करायचा, माउस काढायचा, लावायचा. हळू काढून पाहिला, झटक्याने काढला, उभं राहून काढला, डाव्या हाताने काढला. चौऱ्याऐंशी वेळा केलं. दर वेळी पडदा काळाच. खोचायची जागा सैल झाली, अंगठ्याला फोड आला, आणि बायको दारातून म्हणाली, "मशीनला गुदगुल्या करतोयस का?" त्याच्या हाताखालच्या एका हुशार सहकाऱ्याने तेच काम करायला एक प्रोग्राम लिहून पाठवला. त्याने एका तासात दहा लाख वेळा प्रयत्न केला आणि हात टेकले. सासूबाईंना मात्र एकोणचाळीस दिवसांत एकदाही चुकलं नव्हतं.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर जावई सासूबाईंच्या समोर येऊन बसला. त्याच्याकडे आता युक्ती उरली नव्हती. युक्ती संपली की माणूस खरं बोलतो, आणि ते त्याने आधीच करायला हवं होतं.

"आई, एक सांगायचंय. यात तुमची काही चूक नाही. चूक माझी आहे. मीच लिहिलेल्या भागात आहे, आणि ती कुठे आहे हे मला सापडत नाहीये."

सासूबाईंनी हातातली सुपारी डबीत परत ठेवली. गेले तीन दिवस जावई 'तुम्ही काय करता' असं विचारत होता. 'मी काय चुकलो' हे आज पहिल्यांदाच आलं.

"त्याने बिघडतं काय?" त्यांनी विचारलं. "मी आपली पत्तेच खेळते."

"तुम्ही पत्ते खेळता. पण पाच वाजता मशीन तुम्हाला मालकीण समजतं. कुणाचं काहीही उघडता येईल तुम्हाला. आमच्या दोघांची पत्रं, फोटो, सगळं. आणि हे फक्त आपल्या घरात नाही. सोमवारी हेच इस्पितळात जाणार, कचेऱ्यांत जाणार, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जाणार."

"आमच्या एक्स्चेंजमध्ये?"

"आता बोर्ड कुठे राहिलेत आई. सगळी एक्स्चेंजं यावरच चालतात."

सासूबाई ताठ बसल्या. "म्हणजे तिथे साध्या कामाला बसलेला कुणीही उठून कुणाचाही फोन ऐकू शकेल?"

"ज्याला तुमच्यासारखं जमेल तो."

त्यांनी सुपारीची डबी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "एकतीस वर्षं माझ्या कानाला हेडफोन होता. बोर्डावरची की खाली केली, तर बोलणं ऐकू यायचं. कोण कुणाशी भांडतंय, कोण रडतंय, सगळं. जोड लागला आहे एवढं कळल्यावर की वर करायची, त्याच क्षणी. कुणी बघत होतं म्हणून नाही. ऐकायचं नाही म्हणून ऐकायचं नाही. आणि मी इकडे रोज पाच वाजता अशी सगळ्यांच्या लायनीवर येऊन बसत होते?"

"तुम्ही रमीशिवाय कशालाही हात लावला नाहीत. लॉग आहे माझ्याकडे."

"ते तुम्ही पाहिलंत म्हणून तुम्हाला माहीत. मला कुठे माहीत होतं मी कुठे बसलेय ते!" त्यांना खरोखरच राग आला होता, आणि तो नक्की कोणावर हे ठरत नव्हतं. शेवटी तो त्यांनी कामाला लावला. "दाखवते. बरोबर पाचला. त्याआधी मशीन अडतच नाही, तर सोडवू काय? पण चार वाजल्यापासून शेजारी बसा. आणि मध्ये बोलायचं नाही."

"आणि तासाचा नियम?"

"तो राहू द्या. नियमासाठी नाही दाखवत मी."

चार वाजता जावई स्टूल घेऊन शेजारी बसला. आपल्या लॅपटॉपवरून त्याने घरच्या मशीनची नोंद घ्यायची सोय केली होती. सासूबाई खेळात शिरल्या. पडद्यावर टेबल आलं, समोरची जागा रिकामी. सव्वाचारला तिथे एक खूण उगवली आणि खाली नाव आलं, 'सात नंबर'.

"ही कोण?"

"माझ्या शेजारच्या बोर्डावर असायची. मी चार नंबर, ती सात. मधल्या दोन जागा सदानकदा रजेवर, म्हणून शेजारीच. आता बोलू नका."

पत्ते वाटले गेले. पहिली पाळी सात नंबरची. जावई वाट पाहू लागला. एक मिनिट झालं. दोन झाली. त्याला वाटलं, जोडणी तुटली असावी. त्याने हात पुढे केला, तशी सासूबाईंनी तो मधल्यामध्ये थोपवला. चौथ्या मिनिटाला पलीकडून एक पत्ता हळूच हलला, थांबला, पुन्हा हलला आणि टेबलावर पडला. सासूबाईंनी दोन सेकंदांत आपली पाळी उरकली. पुन्हा चार मिनिटं.

"असं रोज?" न राहवून जावयाने विचारलं.

"झटका आला तिला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डाव्या हाताचं एक बोट चालतं. सून सव्वाचारला खुर्चीत आणून बसवते, मग ही एकेक पत्ता ओढते बिचारी." सासूबाईंची नजर पडद्यावरून हलली नव्हती. "तुमचा नियम झाला त्या दिवसापासून आमचा एकही डाव पुरा होईना. तीन तास लागतात हो एका डावाला. पाच वाजले की माझा पडदा काळा. तिकडे तिची पाळी चालू असायची, आणि तिला वाटायचं मी कंटाळून उठून गेले. तीन दिवस असं झालं. चौथ्या दिवशी मी मशीन सोडवलं."

"मला सांगितलं का नाहीत, आई?"

"तुम्ही माझ्या डोळ्यांसाठी केलं होतं, तुम्हाला काय बोलणार? आणि तिने बजावलंय, माझं असं झालंय ते कुणाला सांगू नकोस. एवढं एक वाक्य लिहायला तिला वीस मिनिटं लागली. मग तिचा शब्द मोडवेल का?"

जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन दिवस त्याने, मोठ्या चोख प्रोग्रामने, एका आजारी बाईच्या हातातला पत्ता अर्ध्यावर थांबवला होता आणि पुढे प्रोग्राम फुसका निघाला म्हणून तो चिडत होता. त्याने स्टूल जरा मागे सरकवलं. पाच वाजेपर्यंत पलीकडून जेमतेम दहा पत्ते पडले.

पाच वाजले. सात नंबरची पाळी होती, पत्ता अर्ध्या वाटेवर होता. पडदा काळा व्हायला लागला.

"बघा आता," सासूबाई म्हणाल्या. "बोर्डावर जोडायची दोरी अडकली की असंच करायचो. ही युक्ती शोधून काढलेली तिनेच, सात नंबरने." डाव्या हाताने त्यांनी स्पेसची लांब की दाबून धरली. उजव्या हाताने माउसची वायर अर्धीच उपसली. अर्धीच. क्षणभर तशीच धरली, जणू पलीकडे कुणी आहे का याचा कानोसा घेतायत, मग पूर्ण काढून शेजारच्या भोकात खोचली, आणि त्यानंतर की सोडली. खट्, खट्. पडदा उजळला. सात नंबरचा पत्ता टेबलावर येऊन पोचला.

जावयाच्या लॅपटॉपवर नोंदी धबाधबा उतरल्या. तो अक्षरशः पडद्यात शिरला. दहा मिनिटांनी त्याच्या तोंडून एक शब्द निघाला, जो सासूसमोर बोलत नाहीत.

"सापडलं?"

"सापडलं." मग त्याला वाटलं, हे या बाईंना नीट समजावून सांगणं आपल्याला भागच आहे. "माउस उपसला की माझा तुकडा त्याची आतली जागा मोडून टाकतो, आणि मोडल्यावर विचारतो, आत कुणी होतं का. तुम्ही की दाबून धरलेली, म्हणजे आत कुणीतरी अजून बोलतंय. ते मोडलेल्या जागेत बोलत राहतं. तुमचा नंबर तिथेच लिहिलेला असतो, तो पुसला जातो आणि शून्य उरतं."

"मोडून मग विचारता?"

"हो."

"अहो, आधी विचारायचं, 'बोलणं चालू आहे का?' उत्तर नाही आलं, मग दोरी काढायची. हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. चालू बोलणं तोडलं म्हणून माझा अर्ध्या दिवसाचा पगार कापलाय एकदा." त्यांनी दोन सेकंदांत आपला पत्ता टाकला. "अकरा वर्षं झाली म्हणता हे लिहून?"

"अकरा. या दोन ओळी मात्र नव्या आवृत्तीत उलट्या लिहिल्या," जावई म्हणाला.

"आणि तुमचे बाकीचे सगळे हुशार लोक?"

"त्यांनी पण वाचलंय. कुणाच्या लक्षात आलं नाही."

दुरुस्ती म्हणजे दोन ओळींची अदलाबदल होती. खालची वर, वरची खाली. सहाला बारा मिनिटं कमी असताना त्याने ती पाठवली, सोबत पायरी पायरीने कृती, वायर अर्धी धरण्यासकट. समन्वयक बाईंचा दहा मिनिटांत फोन आला. त्यांच्या माणसाला तेविसाव्या प्रयत्नात जमलं होतं. त्याचा आवाज मागून ऐकू येत होता, तो नुसता ओरडत होता.

"घेतली दुरुस्ती," बाई म्हणाल्या. "आता नोंदीत लिहायला सांग. चुकीचं कारण?"

"मी. क्रम उलटा लिहिला होता."

"एवढं स्पष्ट लिहायलाच पाहिजे असं नाही. आपण साधारणपणे 'विशिष्ट परिस्थितीत' असं लिहितो."

"नाही, तसंच लिहा."

"बरं. शोधणाऱ्याचं नाव?"

जावयाने फोनवर हात ठेवून सासूबाईंना विचारलं. "चार नंबर लिहा," त्या म्हणाल्या. "आणि सात नंबर. कृती तिची आहे."

"चार नंबर आणि सात नंबर, टेलिफोन एक्स्चेंज, निवृत्त," जावयाने सांगितलं.

"ही कुठली संस्था?" बाईंनी विचारलं. त्यांच्याकडे सगळ्या मोठमोठ्या संस्थांची यादी होती आणि ही त्यात नव्हती.

रविवारी सकाळी जावयाने दुरुस्त कर्नेल घरच्या मशीनवर चढवलं. चार वाजता सासूबाई खेळायला बसल्या. पाच वाजता पडदा काळा झाला. त्यांनी की दाबली, वायर अर्धी उपसली, धरली, खोचली, की सोडली. पडदा काळाच राहिला. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं, नीट, जसं पाहायला हवं तसं.

"झालं पक्कं," त्या म्हणाल्या. "चांगलं केलंत." आणि चष्मा काढून तो पदराला पुसत बसल्या. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

पलीकडे सात नंबरची पाळी चालू होती.

बायको दारात उभी होती. काल रात्रीच्या जेवणाला जावयाने तिला सगळं सांगितलं होतं आणि तिने नुसती मान खाली घातली होती. आता ती म्हणाली, "आई, मला कळतंय गं. पण डॉक्टर..."

जावयाने आपला लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला, त्यावर खेळ सुरू केला आणि सासूबाईंना त्यांच्या नावाने आत नेऊन बसवलं. मग आरामखुर्ची ओढून आणली.

"डोळे तुम्ही मिटून घ्या, आई. पडद्याकडे मी बघतो. पत्ते वाचून दाखवतो, तुम्ही सांगाल तो टाकतो."

"तुम्हाला रमी येते?"

"नाही."

"मिटलेले राहिले पाहिजेत हां डोळे," बायको म्हणाली आणि खात्री करायला स्वतःच समोर बसली.

सासूबाईंनी डोळे मिटले. जावयाने डावीकडून पत्ते वाचले, मग उजवीकडून वाचले, मग रंग लावून वाचा असं सांगितल्यावर रंग लावून वाचले. त्या तेरा पत्ते डोक्यात घेऊन बसल्या, पूर्वी तेरा लायनी घेऊन बसायच्या तशा. पलीकडून चार मिनिटांनी पत्ता आला.

"काय आलं?"

"किलवरची नव्वी."

"नको ती. गड्डीतला उचला. काय निघालं?"

"इस्पिकचा छक्का."

"ठेवा. बदामची राणी टाका."

जावयाच्या हातात दोन राण्या होत्या आणि घाईत त्याने चौकटची टाकली. टाकल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण खेळात परत घेता येत नाही. त्याने कबूल केलं. सासूबाईंनी मिटल्या डोळ्यांनी कपाळाला हात लावला, आणि समोर बसलेल्या त्यांच्या मुलीला हसू आवरेना.

सात नंबरने पत्ता टाकला नाही. चार मिनिटं झाली, सहा झाली, दहा झाली. मग पडद्याच्या कडेला, जिथे एकमेकींना लिहिता येतं तिथे, एकेक अक्षर उमटायला लागलं. जावई ते उमटेल तसं वाचत गेला.

"ही चाल तुझी नाही. कोण बसलंय?"

"लिहा," सासूबाई म्हणाल्या. "नवीन ऑपरेटर आहे."

जावयाने लिहिलं.

त्यांनी जरा विचार केला. "पुढे लिहा. आमच्याच घरचा आहे. चूक झाली की सांगतो. शिकेल."

जावयाने तेही तसंच लिहिलं, एका बोटाने, सावकाश, कारण पडदा त्याला अचानक नीट दिसेनासा झाला होता.